कशाला निघालीस?

रविवारी पहाटे साडेचारला अयोध्या नगरच्या आमच्या गल्लीतली कुत्री एकदम भुंकायला लागली की मी कूस बदलते आणि मनात म्हणते, निघाली. निघाली म्हणजे माझी पुतणी. तिची सायकल इतकी हलकी, की ती एका हाताने उचलून जिना उतरते. हेल्मेटला दिवा, पाठीला पाण्याची बाटली, खिशात गूळ-शेंगदाण्याच्या वड्या. कधी भोजपूर, कधी भीमबेटका, कधी रातापानीच्या जंगलाच्या कडेकडेने. उन्हं चढायच्या आत घरी येऊन पोहे मागते आणि आंघोळीआधी सायकल पुसते. जाऊबाई म्हणतात, एवढ्या मायेने कधी ताटली पुसली नाही हिने.

भोजपूरपर्यंत कुणाची हरकत नव्हती. दिवाळी झाली आणि तिने जाहीर केलं की डिसेंबरात पचमढीला जायचं, सायकलवर. भोपाळहून जवळजवळ २०० किलोमीटर. नर्मदापुरमला नर्मदा ओलांडायची, पिपरियाला मुक्काम, दुसऱ्या दिवशी मटकुलीच्या पुढचा घाट. आणखी दोन मुली बरोबर. जेवणाच्या टेबलावर हे ऐकून जाऊबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. त्या एवढंच म्हणाल्या, "कशाला?"

शेजारच्या गुप्ताइन भाभी मदतीला धावल्या, "बेटा, गाड़ी से चली जाओ ना, सब साथ में चलेंगे." दीर म्हणाले, जानेवारीत सगळेच जाऊ. पोरगी माझ्याकडे बघायला लागली. "मोठी आई, तू सांग ना."

मी काहीच बोलले नाही. हा 'कशाला' माझ्या ओळखीचा आहे. एकोणीस वर्षांची असताना मीही त्याला एक उत्तर दिलं होतं, आणि त्याची किंमत मला नाही, दुसरीलाच भरावी लागली. ते पुढे येईलच. पण त्या रात्री झोप लागेना. वाटलं, डोंगरात, जंगलात सायकल घेऊन निघालेल्या बायकांना आजवर लोकांनी काय विचारलं असेल, आणि त्यांनी काय सांगितलं असेल? घरकाम आटोपलं की दुपारी मी तेच वाचत बसू लागले.

सायकलचा तसा आमच्या घराशी जुना संबंध. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्यप्रदेश झालं, राजधानी नागपूरहून भोपाळला आली, आणि नागपूरच्या कचेऱ्यांतली पुष्कळ मराठी मंडळी फायलींबरोबर इकडे आली. सासरे त्यातलेच. त्यांची सायकल रेल्वेच्या पार्सलने आली होती. त्याच वर्षी भेलची कंपनी स्थापन झाली, पुढे कारखाना उभा राहिला आणि शिफ्ट सुटली की पिपलानी-गोविंदपुऱ्याकडचे रस्ते सायकलींनी भरून जायचे. सासूबाई सांगत, घंट्यांचा आवाज ऐकून कुकर चढवायचा. पण त्या सगळ्या सायकली पुरुषांच्या. कारखान्यात जाणाऱ्याला कशाला निघालास, असं कोण विचारणार?

आता ज्या बाईबद्दल सांगते, तिचं नाव फॅनी बुलक वर्कमन. जन्म १८५९, अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स. बाप गव्हर्नर, घरी पैसा, नवरा डॉक्टर. १८९७ ते १९०० या काळात हे जोडपं आपल्या देशात सायकलवर फिरलं. रोव्हर जातीच्या सायकली. आज आपण जिला साधी सायकल म्हणतो, दोन सारखी चाकं आणि मधे साखळी, ती १८८५ मध्ये इंग्लंडात रोव्हर या नावानेच आली, आणि हवा भरलेला टायर आला १८८८ ला. म्हणजे दहा-बारा वर्षांचं नवं यंत्र घेऊन ही दोघं बाभळीच्या काट्यांच्या देशात उतरली. एकेका दिवसात चाळीसपर्यंत पंक्चर काढल्याची नोंद आहे. चहा, साखर, बिस्किटं, डबाबंद खाणं, पांघरूण, औषधाची पेटी असा संसार बरोबर. रात्री जागा मिळाली नाही तर रेल्वेच्या वेटिंगरूममध्ये झोपायचं. आणि हे सगळं लांब घागऱ्यात!

१९०४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्याचं लांबलचक नाव मराठीत सांगायचं तर, शहरांतून आणि जंगलांतून, चाकावर १४,००० मैल, हिंदी मैदानी प्रदेशातल्या देवळांत आणि माणसांत. मी त्या नावापाशीच थबकले. जंगल आहे, मैल आहेत, पण शेवटी देवळंही आहेत. म्हणजे एवढी पैसेवाली, शिकलेली, नवऱ्यासोबत निघालेली बाई, पण तिच्याही सायकलच्या पुढच्या टोपलीत देऊळ ठेवलेलंच.

फॅनी मला सगळी आवडली असं मुळीच नाही. हमालांबद्दल, नोकरांबद्दल तिने जे लिहून ठेवलंय ते वाचताना पुस्तक मिटावंसं वाटतं. मुलगी तेरा वर्षांची, तिला दाया आणि बोर्डिंगवर सोपवून ही फिरत होती. त्यावर तेव्हाही लोक बोलले, आजही बोलतात. गंमत एवढीच, की डॉक्टरसाहेबांनी मुलगी कुणावर सोपवली, हे कुणी विचारत नाही. पुढे ती हिमालयात गेली, काराकोरमच्या हिमनद्या तुडवल्या, आणि १९१२ मध्ये सियाचीनजवळच्या बर्फाच्या पठारावर 'बायकांना मत द्या' असा मथळा असलेला कागद हातात धरून फोटो काढला. एकवीस हजार फुटांवर! तिथे तरी तिने देवळाचं नाव घेतलं नाही.

तिच्याआधी १८९४ मध्ये बॉस्टनहून एक तीन मुलांची आई जगप्रदक्षिणेला निघाली होती, ॲनी लंडनडेरी. आडनाव खरं नव्हे. लंडनडेरी नावाच्या पाणी विकणाऱ्या कंपनीने १०० डॉलर दिले म्हणून तिने ते लावलं. भारतात आपण वाघांची शिकार केली, असं ती परत जाऊन भाषणांतून सांगायची. पुष्कळसा प्रवास बोटीने केला होता, वाघबिघ थापाच. मला मात्र तिचा राग आला नाही. घर सोडून चाकावर बसलेल्या बाईला कारण द्यावं लागतं, पैजेचं, पैशाचं, वाघाचं. जेवढं घर मोठं, तेवढी थाप मोठी.

आता घाटाकडे वळते, कारण सायकल सपाटीवर कुणीही चालवील. आमच्या वेळच्या सायकलला गिअर नव्हता. पुढच्या चक्रीला चव्वेचाळीस दात, मागच्या फ्रीव्हीलला अठरा, म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. सपाटीवर ही मजा. चढ लागला की तोच अडीच पायांवर येतो, मांड्या भरतात, मग उतरून ढकलायचं. गिअर म्हणजे एवढंच, की अडीचच्या जागी एक करून घ्यायचा. हळू जायचं, पण बसून जायचं.

ही गोष्ट डोक्यात घेऊन बसलेला एक फ्रेंच माणूस होता, पॉल दे विवी. सेंत-एतिएन गावचा. वेलोसिओ या नावाने लिहायचा, १८८७ पासून सायकलचं मासिक चालवायचा, आणि डोंगरातून सायकलवर फिरण्याला त्यानेच प्रतिष्ठा दिली. आपल्याला ऐकून बरं वाटेल, गृहस्थ पक्का शाकाहारी. मांस खाऊ नका, भूक लागायच्या आधी खा, भूक-झोप उडेल इतकं दमू नका, मिरवण्यासाठी सायकल चालवू नका, असं तो शिष्यांना सांगे. आमच्या पाठशाळेत खपला असता. हा गिअरसाठी भांडायचा आणि शर्यतवाले त्याला हसायचे. १९०२ मध्ये डोंगराळ रस्त्यावर, २४० किलोमीटरची परीक्षा ठेवली. एकीकडे एदुआर फिशर नावाचा गाजलेला शर्यतपटू, बिनगिअरचा. दुसरीकडे मार्त एस नावाची बाई, तीन गिअरची सायकल घेऊन. बाई जिंकली. तिने चढावर एकदाही जमिनीला पाय लावला नाही असं सांगतात.

यावर पुढच्याच वर्षी तूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज यांनी काय म्हणावं? गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय आहे, असं. बाईने हरवलं म्हटल्यावर यंत्रच म्हातारं ठरवलं. त्यांच्या शर्यतीत गिअरला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडलं. मी पंचेचाळिशी केव्हाच उलटली आहे. पुतणीची सायकल अंगणात चालवून पाहिली, बोटाने खटका दाबला आणि पाय कसा सैल झाला म्हणून सांगू! एकदम डोळ्यांत पाणी आलं. शहाऐंशी साली हा खटका असता तर, असं वाटून गेलं.

आपल्याकडे मुंबईचे सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ ला जगाच्या फेरीवर निघाले. व्यायामशाळेतली पोरं. इराण, इराकचं वाळवंट, सिनाई, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश आणि आसामची जंगलं, असं करत ७१,००० किलोमीटर. १९२८ च्या मार्चमध्ये मुंबईला पोचले तेव्हा तिघेच होते, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा. पुस्तकाला प्रस्तावना जवाहरलाल नेहरूंची. त्यांना कुणी कशाला विचारलं की नाही ते मी शोधत बसले नाही. तरुण मुलगा निघाला की 'जग पाहायला' हे उत्तर पुरेसं असतं.

आणि रस्ते? सातपुड्यातले रस्तेही काही हौसेने झाले नाहीत. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी गाविलगड घेतला. त्यानंतर वीस वर्षांनी, १८२३ मध्ये, कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदरा शोधून काढला असं म्हणतात. शोधून म्हणजे काय, तिथे कोरकू लोक होतेच की! इकडे पचमढीला कॅप्टन फॉरसिथ चढला, १८६२ च्या सुमारास त्याने तिथे बंगला बांधला, आणि जवळचं बोरीचं जंगल १८६५ मध्ये राखीव झालं, देशात सगळ्यांत आधी. गोऱ्यांना थंड हवा पाहिजे, आगगाडीला सागवान पाहिजे, म्हणून घाट फोडले. बैलाला ओढवेल इतकाच चढ ठेवायचा म्हणून रस्ता वळसे घेत जातो. बैलासाठी ठेवलेली ती दया सायकलवाल्याला आयती मिळते.

माझं माहेर परतवाडा. लाकडाच्या अड्ड्याचं गाव. पावसाळ्यानंतर कापलेल्या सागाचा वास हवेत असायचा. उत्तरेला सातपुडा असा उभा, की गच्चीवर वाळवण घालताना आपण त्याच्याकडे बघतोय की तो आपल्याकडे, कळू नये. गावापासून पंधरा किलोमीटरवर मुक्तागिरी, आपलं सिद्धक्षेत्र. बावन्न मंदिरं, दरीत कोसळणारा धबधबा. क्षेत्र बैतूल जिल्ह्यात, म्हणजे मध्यप्रदेशात, पण पाय सगळे वऱ्हाडाचे. दुसरा रस्ता धामणगाव गढीवरून चिखलदऱ्याला जातो, तीसेक किलोमीटर, शेवटचा सगळा घाट.

डिसेंबर १९८६. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. आम्ही तिघी मैत्रिणींनी ठरवलं, घाट सायकलवर चढून बघायचा. पुढे काय आहे ते बघायचं, एवढंच. आता हे घरी कसं सांगणार? सांगितलं, मुक्तागिरीला दर्शनाला जातो. आईने लगेच होकार दिला, वर अष्टद्रव्याची पिशवी दिली. दादा वेशीपर्यंत सोडायला आला. भाड्याच्या दुकानात लेडीज सायकली दोनच, तिसरी जेन्ट्स. जेन्ट्स माझ्या वाट्याला आली. (माझी आजी नऊवारी नेसायची. तिचा काष्टा या दांडीला सगळ्यांत सोयीचा होता, पण तिला सायकल कुणी दिली नाही. आम्हाला सायकल मिळाली तोवर अंगावर पाचवारी आणि ओढण्या आल्या होत्या.)

दादा वळला आणि आम्ही धामणगावचा रस्ता धरला. पिशवी माझ्या हँडलला लटकत होती, तांदूळ वाजत होते. धामणगाव गढी सुटली की चढ सुरू. थोडं चालवायचं, पुष्कळ ढकलायचं. दोन्ही बाजूंना साग, मोठमोठी पानं तांबूस पडत चाललेली, मधेच मोहाचं झाड, आणि खाली दरीत धुकं. कोरकू बायका मोळ्या घेऊन उतरत होत्या. डोक्यावर मण-मण लाकूड, पायांत काही नाही. त्यांना या घाटात कशाला आलीस असं कुणी विचारत नव्हतं. मोळी दिसत होती ना. त्या मात्र आमच्याकडे बघून हसल्या. आम्ही अकरा वळणं मोजली. अकराव्या वळणावर बसून डबा खाल्ला. सूर्यास्ताच्या आत जेवायचं आणि त्याच्याही आत घरी पोचायचं, म्हणून वर न जाता परत फिरलो.

उतारावर घात झाला. त्या सायकलींना ब्रेक म्हणजे लोखंडी सळ्या आणि रिमला घासणारे रबराचे तुकडे. भाड्याच्या सायकलीचं रबर झिजून गुळगुळीत. माझ्यापुढे जी मैत्रीण होती तिची सायकल थांबेना. ती ओरडली नाही, हे मला अजून आठवतं. वळणावर सरळ कठड्यावर गेली. मनगट मोडलं, हनुवटी फाटली. एका कोरकू बाईने आपली मोळी रस्त्यात टाकली, डोक्यावरची चुंबळ सोडून त्याच फडक्याने तिची हनुवटी बांधली आणि लाकडाचा ट्रक थांबवला. आम्ही त्या बाईचं नावही विचारलं नाही.

मुक्तागिरीच्या रस्त्यावर पडलो असतो तर लोक म्हणाले असते, देवाने वाचवलं. चिखलदऱ्याच्या घाटात पडलो, म्हणून सगळ्यांनी विचारलं, तिथे कशाला गेला होता? कुणाला भेटायला? एकोणीस वर्षांच्या तीन मुली घाट बघायला गेल्या, हे गावात कुणालाच पटलं नाही. माझ्या घरी आठ दिवस अबोला, मग निवळलं. तिची सायकल बंद झाली, मग कॉलेज बंद झालं आणि वैशाखात लग्न. आमच्या तिघींत तीच हुशार होती. खोटं कारण सुचवलं होतं मी. हे मी आजवर कुठे लिहिलं नाही, सांगितलंही नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा दिसली. याच घाटांतून आपल्या आर्यिका माताजी शेकडो वर्षं विहार करत आल्या आहेत. पायी, अनवाणी, वाहनाचा त्याग करून. चातुर्मास संपला की रानावनांतून गावोगाव. बाई डोंगर ओलांडून जाऊ शकते की नाही, हा प्रश्नच आपल्या समाजात नवा नाही. पण त्यांच्यामागे व्रत आहे, संघ आहे. मोळीवालीकडे मोळी आहे. फॅनीकडे देवळं होती. आमच्याकडे अष्टद्रव्याची पिशवी होती, पण ती चुकीच्या रस्त्यावर.

आजच्या मुलींचंही बघा. राजगढ जिल्ह्यातल्या खेड्यातली आशा मालवीय १ नोव्हेंबर २०२२ ला याच भोपाळहून एकटी सायकलवर निघाली आणि सगळी राज्यं पालथी घातली. विचारलं की ती सांगायची, हा देश बाईसाठी सुरक्षित आहे हे दाखवायला निघाले आहे. कौतुकच आहे, पण पुन्हा कारण आलंच. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये, विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत २९,००० किलोमीटर करून आली. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं, तरी थांबली नाही. तिच्याकडे विक्रमाचा आकडा होता. आकडा हेही चांगलं कारण आहे, घरच्यांना पटतं.

हे सगळं वाचून झालं आणि मी धीर करून त्या मैत्रिणीला फोन लावला. ती आता आजी झाली आहे, अकोल्याकडे असते. मी पचमढीचं सांगितलं, मग अडखळत शहाऐंशीचं काढलं. म्हटलं, माझ्यामुळे झालं. ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "अगं, मनगट अजून थंडीत दुखतं. पण तुला एक सांगू? मी नातवाबरोबर गाडीने चिखलदऱ्याला गेले मागे, तेव्हा वळणं मोजली. आपण अर्ध्यातही नव्हतो पोचलो." आणि खूप हसली. मी हसू शकले नाही. ती म्हणाली, पोरीला ब्रेक तपासून घ्यायला सांग.

रात्री मी टेबलावर बोलले. दिरांना म्हटलं, मुली जाऊ द्या. ब्रेक नवे टाकून घ्या, पिपरियाचा मुक्काम ठरवा, तिघींच्या घरी एकमेकींचे नंबर द्या. आणि शहाऐंशीची गोष्ट सांगितली, पिशवीसकट. जाऊबाई ऐकत राहिल्या. बावीस वर्षं एका घरात आहोत, पण त्यांना माझ्याबद्दल हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पुतणीला दुकानात पाठवून ब्रेकचे पॅड बदलून आणवले. जुने पॅड हातात घेऊन नखाने खरवडून पाहिले.

निघायच्या पहाटे आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. मी दशम्या बांधत होते, त्या बाटल्या भरत होत्या. पोरगी बूट घालत होती. खालून भाभींनी विचारलं, "इतनी सुबह कहाँ?" आणि जाऊबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढून ठणकावून सांगितलं, "दर्शन को जा रही है, पिपरिया के मंदिर!"

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी दशम्यांची पुरचुंडी तिच्या हातात दिली आणि दार उघडून धरलं.